जपानहून रेझिन किट मागवायचं आहे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

जपानहून फक्त किट मागवा, दुसरं काही मागवू नका. रंग, थिनर, प्रायमर, एपॉक्सी पुटी, वॉटर पेपर, एक मिलिमीटरचं ड्रिल, पितळी तार हे सगळं बेळगावात मिळतं. शिवाय रंगाचे स्प्रे कॅन आणि थिनर ज्वलनशील असल्यामुळे जपानचं पोस्ट ते विमानाच्या टपालात घेतच नाही. पैसे आणि डोकं दोन्ही किट निवडण्यात आणि ते घरापर्यंत सुखरूप आणण्यात घाला.

हे असतं तरी काय

जपानी कार्टून, व्हिडिओ गेम किंवा राक्षसपटातल्या पात्राची मूर्ती एखादा शिल्पकार हाताने किंवा संगणकावर घडवतो. तिचे सुटे भाग करून त्यांचे सिलिकॉन रबरचे साचे काढतात आणि त्यात दोन घटकांचं पॉलियुरेथेन रेझिन ओततात. बाहेर येतात ते पांढरे किंवा फिकट पिवळट तुकडे: डोकं, केसांच्या बटा, हात, पाय, कपड्यांच्या चुण्या. यालाच गॅरेज किट म्हणतात. पेटीत रंग नसतो, गोंद नसतो, आणि सूचनापत्र म्हणून बरेचदा एकच कागद असतो. लेगोसारखं खटकन बसणारं किंवा गुंडामच्या प्लास्टिक किटसारखं बिनगोंदाचं काही तुमच्या डोक्यात असेल तर इथेच थांबा आणि आधी एखादं प्लास्टिक किट करून बघा.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा पॅटर्नच्या शॉपमध्ये घरातलं कुणी काम करत असेल तर तुम्ही अर्धी वाट चाललेलेच आहात. पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ), गेट (ओतायची वाट), व्हेंट (हवा निघायची वाट), हवेचे फुगे, साचा सरकल्यामुळे आलेली पायरी या सगळ्या भानगडी इथेही तशाच असतात, फक्त बीडाच्या जागी रेझिन आणि वाळूच्या जागी रबर. रबरी साचा थोड्याच कास्टिंगनंतर चिरायला लागतो, म्हणून ही किटं हजारोंनी निघत नाहीत. काही डझन निघाली की संपलं.

कमी का मिळतं, हे आधी कळलं पाहिजे

नवख्याला पहिला धक्का इथे बसतो. नेटवर फोटो दिसतो, शिल्पकाराचं नाव दिसतं, पण विकत कुठेच मिळत नाही. त्यामागे एक पद्धत आहे. 1980 च्या दशकात ओसाकाच्या जनरल प्रॉडक्ट्स या दुकानाने वंडर फेस्टिव्हल नावाची जत्रा सुरू केली. 1992 पासून ती काईयोदो ही ओसाकाकडचीच कंपनी भरवते. आता ती टोकियोजवळ चिबामधल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा भरते, एकदा हिवाळ्यात, एकदा उन्हाळ्यात. तिथे हौशी शिल्पकार टेबल लावून आपली किटं विकतात. पात्राचे हक्क ज्या कंपनीकडे असतात ती त्यांना एका दिवसाचा परवाना देते. त्या दिवशी, त्या जागी विका, दुसऱ्या दिवसापासून नाही. जपानी लोक याला तोजित्सु हानकेन म्हणतात.

याचा अर्थ असा की जत्रेचा दिवस मावळल्यावर तो शिल्पकार तुम्हाला ते किट कायदेशीरपणे विकूच शकत नाही, तुम्ही कितीही गयावया केली तरी. त्याला मेसेज करून भंडावू नका. यापुढे वाटा तीन.

पहिली वाट म्हणजे ज्याने जत्रेत घेतलं आणि उघडलंच नाही, अशा माणसाकडून जुन्या बाजारात घेणं. याहू ऑक्शन्स, मेर्कारी, सुरुगाया आणि मंदाराके ही त्यासाठीची नेहमीची ठिकाणं. भाव मूळ किमतीपेक्षा बरेचदा चढाच असतो. दुसरी म्हणजे पुढच्या जत्रेत तेच किट पुन्हा येतंय का याची वाट बघणं. शिल्पकार पुन्हा परवाना घेऊन तेच किट आणतात, असं बरेचदा होतं.

तिसरी वाट मला नवख्यासाठी सगळ्यात बरी वाटते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. शिल्पकाराने स्वतः कल्पिलेल्या पात्राचं किट घ्या. त्यावर दुसऱ्याचा हक्क नसल्याने तो ते बूथसारख्या संकेतस्थळावर वर्षभर विकू शकतो. किंमत मूळचीच असते आणि पैसे थेट त्याच्या हातात जातात. हो, चुलतभावाने ओळखावं असं प्रसिद्ध पात्र ते नसतं. पण पहिल्याच किटवर तुमचं सगळ्यात आवडतं पात्र बिघडवण्यापेक्षा हे बरं.

रीकास्ट: स्वस्त का असतं ते

शोधताना हमखास दिसेल की जत्रेत 12,000 येनला विकलेलं किट कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर त्याच्या पाव किमतीत आहे, वर ‘स्टॉकमध्ये भरपूर’ असं लिहिलेलं. हे रीकास्ट. कुणीतरी मूळ किट विकत घेऊन त्याच्या तुकड्यांवरूनच नवे साचे काढलेत. मूळ शिल्पकाराला यातला एक येनही मिळत नाही. इथवर नीतीचा मुद्दा झाला, पण वस्तूही वाईटच असते. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे नकलेचे तुकडे मुळापेक्षा बारीक होतात आणि नकलेची नक्कल निघाली की सांधे जुळेनासे होतात. बोटांची नखं, पापण्यांची कड, केसांच्या टोकांची धार या ठिकाणी ते आधी कळतं, सगळं चाटल्यासारखं गुळगुळीत झालेलं असतं. शिवाय बौद्धिक संपदेच्या रक्षणासाठी 2007 चे आयात नियम आहेत, त्यांखाली कस्टम्स धंद्यासाठी आणलेला नकली माल अडवू शकतं.

ओळखायचं कसं? जाहिरातीत शिल्पकाराचं किंवा त्याच्या गटाचं नाव नाही, फोटो फक्त रंगवलेल्या मूर्तीचा आहे आणि कच्च्या तुकड्यांचा एकही नाही, एकाच विक्रेत्याकडे शेकडो दुर्मीळ किटं आहेत. यातलं काहीही दिसलं तर पुढे जाऊ नका. खरा विक्रेता पिशवीतल्या तुकड्यांचा आणि सूचनापत्राचा फोटो देतो.

जपानी जाहिरात वाचणं

फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं, पण यंत्र काही ठिकाणी गोंधळ घालतं. म्हणून चार शब्द कानावर असू द्या. मिकुमिताते म्हणजे न जोडलेलं, मितोसो म्हणजे न रंगवलेलं. हे दोन्ही हवेत. केप्पिन म्हणजे तुकडा गहाळ आहे. हा शब्द दिसला की किती स्वस्त आहे याचा विचारच करू नका. जंक असं लिहिलं असेल तर विक्रेत्याने हात झटकलेत असं समजा, परत काही मागता येणार नाही. आकारमान 1/8, 1/7, 1/6 असं लिहिलेलं असतं. सुरुवातीला 1/7 किंवा 1/6 बरं, कारण 1/8 चे डोळे इतके लहान असतात की ब्रश धरलेला हात थरथरला की चेहराच बदलतो.

मध्यस्थ

जपानमधले बहुतेक विक्रेते परदेशात पाठवत नाहीत. म्हणून बायी, झेनमार्केट यांसारखे मध्यस्थ लागतात. तुम्ही त्यांच्या पानावरून बोली लावता किंवा खरेदी करता. ते जपानमधल्या आपल्या गोदामात वस्तू उतरवून घेतात, वजन करतात आणि मग भारताकडे पाठवतात. पैसे दोनदा भरावे लागतात, एकदा वस्तूचे आणि नंतर परदेशी टपालाचे. दुसरा आकडा आधी कळत नाही, इथे नवखे फसतात.

मध्यस्थाचं सेवाशुल्क वेगळं असतं, जपानमधल्या जपानमध्ये पाठवण्याचा खर्च वेगळा. गोदामात ठरावीक दिवस फुकट ठेवतात, त्यानंतर भाडं लागतं. दोन किटं एका पेटीत घातली तर टपालखर्च वाचतो, कारण पहिल्या किलोचा दर सगळ्यात महाग पडतो. पण चार-पाच घालू नका. पेटी जितकी जड आणि महागडी, तितकं कस्टम्सला हा धंद्याचा माल आहे असं वाटण्याचं कारण वाढतं. दोन पुरेत.

एप्रिलअखेरीच्या गोल्डन वीकमध्ये, ऑगस्टच्या मध्यावर ओबोनच्या सुट्टीत आणि वर्षअखेरीस जपानमधली बरीच दुकानं आणि गोदामं बंद असतात. त्या आठवड्यात उत्तर आलं नाही म्हणून धसका घेऊ नका.

कागदावर हिशोब करा, मगच बटण दाबा

एक येन म्हणजे गेल्या काही वर्षांत साधारण 55 ते 60 पैसे. त्या दिवसाचा दर बघून घ्या. समजा किट 10,000 येनचं आहे आणि दर 58 पैसे, म्हणजे 5,800 रुपये. मध्यस्थ आणि जपानमधला टपालखर्च 1,000 येन, म्हणजे 580. भारतापर्यंतचं टपाल 3,000 येन, म्हणजे 1,740. झाले 8,120.

आता कर. आयातकर नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा मिळून जी किंमत होते तिच्यावर लागतो. तीवर मूळ कस्टम ड्युटी, त्या ड्युटीच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. रीत कळावी म्हणून धरून चालू की ड्युटी 20 टक्के आहे आणि आयजीएसटी 18 टक्के. ड्युटी 1,624, अधिभार 162, आयजीएसटी सुमारे 1,783. एकूण कर 3,570 च्या घरात, म्हणजे किट पडलं जवळपास 11,700 रुपयांना. मूळ किमतीच्या दुप्पट. खरे दर कस्टम्स ज्या वर्गात वस्तू बसवेल त्यावर ठरतात आणि दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात ताजे दर बघा. माझा सरळ नियम असा आहे: किटच्या किमतीच्या दुप्पट रक्कम हातात नसेल तर बोली लावायची नाही.

वर्गाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. 2020 मध्ये खेळण्यांवरची मूळ ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. त्यातच 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. हा आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. तुमचं किट मुलांनी खेळायचं नाहीच. धारदार तुकडे, न रंगवलेलं रेझिन, मोठ्यांचा छंद. पण पेटीवरच्या कस्टम्सच्या जाहीरपत्रावर मध्यस्थाने नुसतं ‘टॉय’ लिहिलं तर पेटी नको त्या रांगेत जाऊन उभी राहते. म्हणून पाठवण्याआधी मध्यस्थाला सांगा की वर्णनात ‘प्रौढ छंदप्रेमींसाठी न रंगवलेलं, न जोडलेलं रेझिन मॉडेल किट’ असं इंग्रजीत लिहा. हे खोटं नाही, नेमकं आहे.

किंमत कमी लिहून द्या असं मात्र कुणाला सांगू नका. चांगले मध्यस्थ ऐकतही नाहीत. पेटी हरवली तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते, आणि पकडले गेलात तर दंड. ‘गिफ्ट लिहा, ड्युटी लागत नाही’ हा सल्ला अजूनही फिरतो. तो शिळा आहे. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून करमुक्त सोडवून घ्यायची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली आहे.

पैसे भरण्याबद्दल थोडक्यात. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. आपल्याकडे अनेकांचं खातं सहकारी बँकेत किंवा सोसायटीत असतं, त्यांच्या कार्डावर ही सोय असेलच असं नाही, आधी विचारा. बँक चलनबदलासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के कापते, त्यावर पुन्हा जीएसटी.

पत्ता: आपल्या सीमाभागाची खास डोकेदुखी

शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं. कुणाच्या आधारवर जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, कुणाच्या मतदार ओळखपत्रावर नवं, बँकेत तिसरंच. घरात आपण बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू, पण पार्सलला भावना कळत नाहीत. ज्या ओळखपत्राची प्रत केवायसीसाठी देणार, त्यावरचं नाव आणि पत्ता मध्यस्थाच्या खात्यात अक्षरशः तसाच भरा. नावात वडिलांचं नाव असेल तर तेही. राज्य म्हणून कर्नाटकच लिहा. निपाणीकर आणि चिकोडीकर पत्त्यात खूण म्हणून कोल्हापूर लिहितात, ते करू नका. छाननी करणाऱ्याला पिनकोड कर्नाटकाचा आणि शहर महाराष्ट्राचं दिसलं की पेटी दोन्हीकडे हिंडते. गल्लीचं नाव, घर क्रमांक, जवळचं देऊळ, आणि चालू मोबाईल क्रमांक देशाच्या कोडसह.

खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावात राहत असाल तर शहरातल्या मामाचा किंवा आत्याचा पत्ता द्या, पण मग ओळखपत्रही त्यांचंच लागेल. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर केवायसीच्या मेसेजला फसवणूक समजून ते डिलीट करतील.

पोस्ट की कुरिअर

जपान पोस्टची ईएमएस, म्हणजे जलद परदेशी टपालाची, सेवा घ्या, असं माझं मत. तिचा क्रमांक 13 चिन्हांचा असतो, ‘ई’ने सुरू होतो आणि ‘जेपी’ने संपतो, भारतात उतरल्यावर तोच क्रमांक इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर चालतो. पेटी आधी मोठ्या शहरातल्या परदेशी टपाल विभागात कस्टम्सपुढे जाते, मग आपल्याकडे येते. ड्युटी लागली असेल तर ती पोस्टमनकडे भरायची असते, सोबत टपालखात्याचं छोटं शुल्क. रोख तयार ठेवा. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा, त्यावर कुठल्या वर्गात वस्तू बसवली ते कळतं आणि पुढच्या वेळी हिशोब अचूक होतो. कस्टम्समध्ये ट्रॅकिंग दिवसेंदिवस हलत नाही, हे नेहमीचं आहे.

डीएचएल, फेडेक्ससारखं कुरिअर झटपट येतं, केवायसी ऑनलाइन होतं. पण ते तुमच्या वतीने ड्युटी भरतात म्हणून वेगळं शुल्क लावतात, आणि वजन पेटीच्या आकारावरून धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागायचं. गॅरेज किटची पेटी म्हणजे निम्मी हवा असते, त्यामुळे एक किलोची वस्तू तीन किलोची होऊन बसते. कुरिअरच घ्यायचं असेल तर मध्यस्थाला लहान पेटीत बांधायला सांगा.

कागदपत्रं कमी पडली म्हणून चिठ्ठी आली तर ती बरेचदा कन्नड आणि इंग्रजीत असते. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या अक्कांना दाखवा, ठेवून देऊ नका. मुदतीत उत्तर न गेलेली पेटी सरळ जपानला परत जाते.

जून ते सप्टेंबर शक्यतो मागवू नका. रेझिनला पाण्याने काही होत नाही, पण डोळ्यांची डेकल (चिकटवायची छापील चित्रं) आणि सूचनापत्र ओलीचिंब झाली तर कामाची राहत नाहीत. मागवलंच तर प्लास्टिकात गुंडाळायची जादा सेवा घ्या.

पेटी दारात आली

फोडण्याआधी चारी बाजूंचे फोटो, मग फोडताना सलग व्हिडिओ. सूचनापत्रावरच्या यादीशी एकेक तुकडा ताडून बघा. हे त्याच दिवशी करा, मध्यस्थाकडे तक्रार करायची मुदत थोडी असते. पेटी, फोम, चिकटपट्टी काहीच टाकू नका; नुकसानभरपाई मागायची तर पोस्ट ते बघायला मागतं. एखादा बारीक तुकडा नसेल आणि किट नव्याने शिल्पकाराकडूनच घेतलेलं असेल, तर त्याला नम्रपणे विचारा, तुकडा पाठवणारे शिल्पकार आहेत. हवेचे फुगे आणि किंचित वाकलेली तलवार ही तक्रार नव्हे. फुगे पुटीने भरतात आणि तलवार गरम पाण्यात धरून सरळ होते, लगेच गार पाण्यात बुडवायची.

पुढचं काम बेळगावात

सगळे तुकडे भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात धुवा. साचा सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. घासायचं ते ओल्या वॉटर पेपरने, 400 पासून 800 पर्यंत, आणि तोंडाला एन-95 मास्क लावून. रेझिनची भुकटी फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही, म्हणून स्वयंपाकघरात हे काम नको. सांधे नुसत्या फेव्हिक्विकवर सोडू नका. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून पितळी तारेची पिन घाला, मग गोंद. बारीक ड्रिल आणि ते पकडून हाताने फिरवायची पिन व्हाइस उद्यमबागेतल्या टूल्सच्या दुकानात मिळते, भेगांसाठी एम-सील चालतं. ऑटोमोबाईल रंगाच्या दुकानातून प्रायमर सरफेसर आणा. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत लॅकरचा रंग मारला की त्यावर पांढुरकी साय धरते, म्हणून उघडीप पडेपर्यंत हात आवरा.

डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती शिकायची तर गणपती रंगवणाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन बसा. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना बोलायला फुरसत नसते, पण शेजारी उभं राहून बघायला कुणी हरकत घेत नाही. ब्रशला रंग किती पातळ, मनगट कशावर टेकवलंय, आधी वरची पापणी की बुबुळ, एवढं नीट बघा. घरी आल्यावर किटच्या चेहऱ्यावर नव्हे, रेझिनच्या गेटच्या टाकाऊ तुकड्यावर प्रायमर मारून त्यावर डोळे काढत बसा. जोडीतले दोन डोळे सारखे यायला लागले की मग चेहरा हातात घ्या.